शेवटच्या ओळीला कात्री

समजा, चोवीस घरांच्या एका इमारतीचा महिन्याचा खर्च घराघरांत वाटायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. समोर कागद आहे. जिन्यातले दिवे, झाडलोट, पाण्याचा पंप, विमा, लिफ्टची तपासणी. आणि सगळ्यात खाली एक ओळ : जे अजून बिघडलेलं नाही, त्याच्यासाठी बाजूला. मेंटेनन्स फार होतो म्हणून सगळ्या मजल्यांवरून कुरकुर चालू आहे. तुम्ही कात्री कुठे लावाल?

पाचव्या मजल्यावरच्या मिस्त्रींनी ती शेवटच्या ओळीला लावली. एकदा नव्हे, लागोपाठ अकरा वर्षं.

मिस्त्री बायकोला घेऊन या परक्या देशात आले तेव्हा त्यांचे केस काळे होते. पुढची तीस वर्षं त्यांनी बस डेपोत, बसखाली आडवं पडून काढली. घर घ्यायची वेळ आली तेव्हा सात इमारती पाहिल्या आणि जिथे मेंटेनन्स सगळ्यात कमी, तिथे घर घेतलं. केवढं डोकं लढवलं, असं ते येईल-जाईल त्याला सांगत. मग एकदा गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. घर विकत घेतलंस ना दादा, मग दर महिन्याला भाडं कसलं भरतोस, असं त्याने सहज विचारलं. मिस्त्रींना ते फार लागलं. मेंटेनन्स म्हणजे भाडं नव्हे, हे त्याला पटवता पटवता त्यांचंच मत फिरलं.

इमारतीची वर्षाची सभा तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या खोलीत भरे. तळमजल्यावरच्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, दर वर्षी उभ्या राहत आणि एकच मागणी करत : लिफ्ट जुनी झालीय, दर घरामागे महिन्याला बसच्या दोन तिकिटांएवढे पैसे जादा घेऊन बाजूला ठेवू या. आणि दर वर्षी मिस्त्री उठून म्हणत, घर आपलं आहे, चालू लिफ्टसाठी पैसे कसले भरायचे? लोक हसत, हात वर होत, मागणी पडे. बायकोने त्यांचं नाव नकोबा ठेवलं. "सभा कशी झाली, नकोबा?" असं विचारतच ती दार उघडायची.

अहो, तुमच्या डेपोत असं चालतं का, हेही तिने एकदा विचारलं होतं. चालत नव्हतं. डेपोत ब्रेकची लायनिंग ठरलेले किलोमीटर भरले की बदलायची, ती कितीही चांगली दिसो. 'अजून चालतेय की' म्हणणाऱ्या नव्या पोराला मिस्त्री सगळ्यांदेखत झापत. पण डेपोतून निघताना कामाच्या कपड्यांबरोबर हा नियमही ते तिथेच खुंटीला टांगून येत असावेत.

यंदा बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. जिना तीन महिने बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि तिला घरी सोडायच्या नऊ दिवस आधी लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकली ती अडकलीच. या मोटरचे भाग आता कुणी बनवत नाही, सगळंच नवं बसवावं लागेल, असं लिफ्टवाला सांगून गेला. बाजूला ठेवलेल्या पैशांत फार तर नवा दरवाजा आला असता. उरलेला खर्च दर घराने एकदम द्यायचा, तर त्याला चोवीसांतले सोळा हात हवे होते. मिस्त्री आठवडाभर दारोदार फिरले. पाच मजले खाली, पाच मजले वर. गुडघ्यांनीही तक्रार करणं सोडून दिलं.

सभेत ते बोलायला उभे राहिले, तर पहिल्या मजल्यावरचा तरुण बाप मांडीवरच्या मुलीला सावरत म्हणाला, "काका, तुम्हीच सांगायचात ना, घर आपलं आहे, मग पैसे कसले? आम्ही तुमचं ऐकून घर घेतलं. आता आमच्याकडे एवढी रक्कम खरंच नाही."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मिस्त्रींनी खुर्चीची पाठ धरली.

"मी चुकीचं सांगत होतो," ते म्हणाले. "डेपोत मला हे रोज कळत होतं. इथे कळून घ्यायचं नव्हतं."

हात मोजले. तरुण बापाचा खालीच राहिला. बरोबर सोळा भरले, आणि त्यातला पहिला हात बाईंचा होता.

ठराव झाला, पण लिफ्ट यायला अकरा आठवडे लागणार होते. रक्कम भरायला निवृत्त झालेल्या मिस्त्रींना डेपोत अर्धवेळ परत जावं लागणार होतं. आणि बायको शुक्रवारी घरी येणार होती, म्हणजे कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

खुर्च्या आवरताना बाई जवळ आल्या. "माझी पुढची खोली रिकामीच असते," एवढंच म्हणाल्या. "उद्या पलंग हलवायला या."

मिस्त्री गेले. दोघांनी पलंग खिडकीशी सरकवला, गालिचात पाय अडकू नये म्हणून तो गुंडाळला. बाईंच्या दारातून इमारतीचं दार चार पावलांवर होतं. लिफ्ट कुठल्या बाजूला उघडते, हे तिथून दिसतही नव्हतं. मिस्त्री दोनदा बोलायला गेले, दोनदा बाईंनी उशी कुठे ठेवू ते विचारलं. मग ते पाच मजले चढायला निघाले आणि तिसऱ्यावर, अडकलेल्या लिफ्टपाशी, दम खायला थांबले.

बाईंना तर ही लिफ्ट कधी लागलीच नव्हती. मग अकरा वर्षं, दर वर्षी हरून, त्या कुणासाठी उभ्या राहत होत्या?