शिवलेला चेंडू

बास्केटबॉलचा पहिला नियम ड्रिलमास्तरांनी सांगितला तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे वळून हसला. नियम असा होता: "समोरच्याला शिवायचं नाही."

मी अस्पृश्य. माझा बा सोलापुरातल्या एका गिरणीत यंत्रांचे चामडी पट्टे शिवायचा. म्हणजे जातीचाच धंदा, फक्त छप्पर गिरणीचं. शाळेत मी दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसायचो. हुतूतूत मला कुणी घेत नसे, कारण गडी बाद करायचा तर त्याला शिवावं लागतं, आणि मला शिवून घरी अंघोळ करत बसायची हौस कुणाला? खो-खो, आट्यापाट्या, सगळीकडे तेच. मी कडेला बसून दुसऱ्यांच्या चपला राखायचो. त्या चपलाही आमच्याच लोकांनी शिवलेल्या. याचा राग मला आज म्हातारपणीही येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

मास्तर पुण्याहून हा नवा खेळ शिकून आले होते. त्यांनी मुरमाच्या मैदानावर फक्कीनं रेघा मारल्या, दोन टोकांना खांब रोवून फळ्या ठोकल्या आणि लोहाराकडून घडवलेली कडी त्यांवर बसवली. एका बाजूला पाच गडी. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. पळायचं तर जमिनीवर टप्पे मारत. एकदा दोन्ही हातांनी धरला की टप्पे संपले, मग कड्यात टाका नाहीतर सोबत्याला द्या. कड्यातून गेला की दोन गुण, आणि त्या काळी दर वेळी चेंडू पुन्हा मैदानाच्या मधोमध उडवायचे. ढकललं, धरलं, अंगावर गेलं की फाऊल. चार फाऊल झाले की गडी बाहेर. ज्याच्यावर फाऊल होईल त्याला कड्यासमोरच्या रेघेवरून एक मोकळी फेक, एका गुणाची.

"तेव्हा पंच चेंडू तुमच्या हातात देईल," मास्तर म्हणाले, "आणि दहा आकडे मोजायच्या आत तो टाकायचा. मधे कुणी यायचं नाही."

मी तर हरखूनच गेलो. शिवायचं नाही, आणि तेही सगळ्यांनी! हा खेळ माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं.

पण चेंडूचं काय? तो माझ्या हातून दुसऱ्याच्या हाती जाणार. त्यावरही पोरांनी तोड काढली. मी दिलेला चेंडू आधी एक टप्पा पडू द्यायचा आणि मग घ्यायचा. टप्प्यानं विटाळ जातो हे कोणत्या पोथीत लिहिलंय, ते मला अजून सापडलेलं नाही. मास्तरांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

थोड्याच दिवसांत चेंडूची शिवण उसवली. मास्तरांनी तो माझ्याबरोबर घरी पाठवला. बानं तो मांडीत घेतला, आरीनं भोकं पाडली, मेणाचा दोरा ओवला आणि दातात धरून ओढून गच्च केला. दुसऱ्या दिवशी साऱ्या पोरांनी तो छातीशी धरून झेलला, आणि माझ्या हातून आला की पुन्हा टप्पा. हे घरी सांगितल्यावर बा म्हणाला, "म्या शिवलेला चालतोय, आन् तू शिवलेला चालत न्हाय व्हय? लई शाणी हायत की तुजी पोरं!"

मी मात्र जिद्दीनं नेम धरत राहिलो. पुढं पुढं तर डोळे मिटले तरी कडं दिसायचं. दुसऱ्या शाळेशी सामना ठरला तेव्हा मास्तरांनी पाचांत माझं नाव घेतलं, आणि दोन दिवस मला भाकरी गोड लागली. तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात मास्तर दुसऱ्या शिक्षकांना हसत हसत सांगत होते, "अहो, त्याला अडवणार कोण? विटाळाच्या भीतीनं पोरं चार हात लांबच राहतील. आयते गुण!"

अंगाची लाही लाही झाली. माझा नेम गेला चुलीत. यांना माझा विटाळ खेळवायचा होता. संघ सोडून द्यावा असंही मनात आलं. मग ठरवलं, जायचं. हरू दे नाहीतर जिंकू दे, तिथं एकानं तरी मला गडी म्हणून मोजलं पाहिजे.

सामन्यात मास्तरांचं गणित खरं ठरलं. मी चेंडू घेतला की समोरची पोरं बाजूला सरत. मी गुण करत होतो, मास्तर टाळ्या वाजवत होते, आणि प्रत्येक टाळीनं माझं डोकं तापत होतं.

उत्तरार्धात समोरच्या संघानं एक उंच पोरगा उतरवला. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांचा, घरी तेलुगू बोलणारा. तो सरळ माझ्यासमोर हात उंचावून उभा राहिला. मला पहिल्यांदाच हुलकावणी द्यावी लागली. त्यानं माझा चेंडू अडवला, मीही त्याला चकवून एक गुण... नव्हे, दोन गुण काढले. त्यांचा संघ पुढं गेला. अगदी शेवटी मी उडी मारली तेव्हा त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि आम्ही दोघंही मुरमावर आपटलो. गुडघे सोलले. इतकं बरं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय.

शिट्टी वाजली. फाऊल. त्याचे शिक्षक नळाकडे बोट दाखवून ओरडले, "आधी अंगावर पाणी घे!"

"खेळात लागतंय की, सर," तो म्हणाला. पण त्याला नेलंच.

आम्ही एका गुणानं मागं होतो. मी रेघेवर उभा राहिलो. पंच म्हणून आलेले कोटवाले गृहस्थ चेंडू घेऊन आले, माझ्याकडे पाहिलं, चेंडू खाली ठेवला आणि बुटानं माझ्याकडे ढकलला.

"उचल," ते म्हणाले.

"हातात द्या. नियम आहे."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. मास्तर कडेवरून ओरडत होते, "उचल की रे गाढवा, बरोबरी होतेय!" चेंडू माझ्या पायाशी पडला होता. बाची शिवण वरच होती. मी हाताची घडी घातली आणि दहा आकडे पुरे होऊ दिले.

आम्ही हरलो. मला पुन्हा मैदानावर कुणी बोलावलं नाही. आमच्या शाळेतली माणसं अजून बाजारात भेटतात आणि हसून विचारतात, "त्या सामन्यात शेवटची फेक चुकला तो तूच ना रे?"

चुकलो नाही. मी त्या चेंडूला शिवलोच नाही.