गरुडकाकांचा खरा आवाज

स्टुडिओत त्यांना सगळे गरुडकाका म्हणत, आणि गंमत अशी की काकांनी उभ्या आयुष्यात गरुड पाहिला नव्हता. पडद्यावर गरुड झेपावला की काका माइकपुढे उभे राहायचे, घसा खरवडून लांबलचक किंकाळी फोडायचे आणि थिएटरात लोकांच्या अंगावर काटा यायचा. तीस वर्षं सिनेमातले झाडून सगळे गरुड यांच्याच घशातून ओरडले!

मग लेकीनं घोळ घातला. ती जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात डॉक्टर. पंख मोडलेला एक गरुड तिनं दोन महिने जिवापाड जपला, पण शेवटी तो गेलाच. त्याचा आवाज तेवढा तिच्या मोबाइलमध्ये उरला होता.

"बाबा, नव्या सिनेमात हा घाला ना. एकदा तरी लोकांना खरा ऐकू दे."

काकांनी ऐकला. चिक्, चिक्, चिक्.

"अगं, हे कोंबडीचं पिल्लू आहे!"

"गरुडच आहे, बाबा."

काका चक्रावले. मग तीस वर्षं आपण बोंबललो ते कोणाच्या नावानं? डोकं पार भंजाळलं, तरी त्यांनी तिला शब्द दिला.

स्टुडिओत ती चिकचिक वाजली आणि दिग्दर्शक खो खो हसत सुटला. "काका, चेष्टा पुरे. गरुड द्या, गरुड!"

हाच खरा, असं काका म्हणणार होते, पण त्यांची त्यांनाच खात्री वाटेना. त्या गोंधळात सवयीनं तोंड उघडलं आणि किंकाळी बाहेर पडली.

"वा! याला म्हणतात खरा!" दिग्दर्शक म्हणाला. आता बोला!

लेकीला सांगायचा धीर काही झाला नाही. पहिल्या खेळाला ती शेजारीच बसली. पडद्यावर गरुड दिसला तसा तिनं काकांचा हात घट्ट धरला. किंकाळी घुमली, लोकांनी टाळ्या पिटल्या. तिनं हात सोडला.

बाहेर स्कूटरपाशी ती पर्समध्ये नुसती किल्ली चाचपत राहिली. रागावलीय की रडतेय, काकांना उमगेना. "अगं, मला..." एवढंच म्हणून ते थांबले. मग भर रस्त्यात, येणारेजाणारे बघत असताना, त्यांनी ओठ आवळले.

"चिक्, चिक्."

धड जमलं नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं.

लेकीनं नाक पुसलं. "अजून बारीक, बाबा," ती म्हणाली. "तो फार दमला होता."