चुकवलेला काळा चेंडू
परवा चेन्नईत, पेरुंगुडीच्या आमच्या गच्चीवर लेकीनं निळ्या खडूनं चौकोन आखले. त्याची भुकटी बोटांना लागली, स्नूकरच्या काठीच्या टोकाला लावायच्या निळ्या खडूसारखीच, आणि मला इथल्याच अड्यारमधल्या क्लबची बिनखिडक्यांची, एसीनं गारठलेली खोली आठवली. तेव्हा मी सतरा वर्षांची व्यावसायिक स्नूकर खेळाडू होते. शाळा कायमची सुटली होती, आणि माझ्यासोबत गावोगाव फिरता यावं म्हणून बाबांनी रेल्वेतली नोकरी सोडली होती. त्यामुळे ‘मला आता खेळायचं नाही’ असं घरात म्हणायची सोयच उरली नव्हती. एका दुपारी तिथल्या निवड-सामन्याच्या शेवटच्या डावात टेबलावर फक्त काळा चेंडू राहिला. तो पॉकेटमध्ये गेला की मी जिंकणार आणि परदेशातल्या स्पर्धेला जाणार, म्हणजे आणखी सराव, आणखी अशाच खोल्या. मी मुद्दाम नेम चुकवला. बाबांनी डोळे मिटले; मला मात्र कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेता आला. माझ्याविरुद्ध खेळणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांचाही हात चुकला आणि चेंडू पॉकेटच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला. ‘पोडुम्मा,’ ते तमिळमध्ये हसून म्हणाले, टाक पोरी. इतका सोपा चेंडू चुकवला असता तर सगळ्यांनाच कळलं असतं. मी टाकला. बाबा धावत आले. ‘बघ, नशीबसुद्धा तुझ्याच बाजूनं आहे!’ म्हणाले आणि रडले. दोन वर्षांनी मी खेळ सोडला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, ‘नकोसं कधीपासून झालं गं?’ ‘आत्ताच, बाबा,’ मी म्हणाले. त्यांना अजून तेच खरं वाटतं, आणि मीही ते तसंच राहू दिलंय.