तीन वाजताची कासवं

दूध गॅसवर चढवलं होतं आणि मी ओट्याशी उभी राहून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होते. हे कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधत होते. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. आमच्याकडे येणारा पुढच्या दाराची घंटी वाजवतो. मागच्या दाराने दूधवाला येतो नाहीतर मांजर, आणि दोघंही येऊन गेले होते.

दार उघडलं तर घोटभर उभा. डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत काळ्या दोऱ्याचे टाके, घाईघाईत गादीचं तोंड शिवावं तसे. एक डोळा सुजून मिटलेला. कॉलरवरचं रक्त वाळून पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं. आणि दोन्ही हात नेहमीसारखे पँटच्या खिशात. दार बहुधा कोपराने वाजवलं असावं.

"वहिनी, वरची मंडळी उठली का?"

"आधी तुम्ही आत या आणि बसा," मी म्हटलं. मागे दूध उतू गेलं.

माडीवरच्या दोन खोल्या मी गेली नऊ वर्षं पाहुण्यांना देते. आमच्या शहरात येणाऱ्या कुटुंबांची गंमत असते. बापाला छोट्या ब्रुअऱ्यांतली क्राफ्ट बिअर चाखायची असते, आईला घड्याळाचा मनोरा पाहायचा असतो आणि पोरांना नदीतली बोट नि मत्स्यालय. पूर्वी बाप एकीकडे जायचा, बाकीचे दुसरीकडे, आणि एकत्र व्हायचं ते फक्त संध्याकाळचं भांडण. ही सगळी मंडळी एका गाडीत बसवली ती घोटभरने. ज्या ब्रुअरीला अंगण आहे, अंगणात झोपाळा आहे आणि मुलांना लिंबू-सोडा मिळतो, अशाच चार त्याने निवडल्या. दोन ब्रुअऱ्यांच्या मध्ये एक प्रेक्षणीय स्थळ. बापाला चालायला लागतं, तेवढ्यात चढलेली उतरते.

चाखायचा ग्लास टेकवताना तो प्रत्येकाला बजावायचा, "घोटभर हं साहेब, फक्त घोटभर." त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव त्याच्या गाइडच्या बिल्ल्यावर आहे. म्हणजे कालपर्यंत होतं.

त्याच्या धंद्यातला एक नियम तो कधीच मोडत नसे. आधी फिकट, मग तांबूस, शेवटी काळी. काळी बिअर सगळ्यात कडक, ती मत्स्यालयाशेजारच्या ब्रुअरीत मिळते, म्हणून मत्स्यालयही शेवटी, पाचच्या सुमाराला. "उपाशीपोटी काळी दिली की माणसाच्या आतला दुसराच बाहेर येतो," असं तो म्हणायचा. त्यावर हे म्हणायचे, "आमच्या आत दुसरा कुणी नाही हो, आहे तोच जेमतेम पुरतो."

आतल्या दुसऱ्याची घोटभरला चांगली ओळख होती. त्याचे वडील इथल्या जुन्या मोठ्या बिअरच्या कारखान्यात पिंपं धुवायचे. धुलाईचा रबरी पाइप हातभर कापून त्यांनी घरी आणून ठेवला होता, दाराच्या मागे, खिळ्याला. पोराने जेवताना सांडलं की पाइप, शाळेतून उशीर झाला की पाइप. आईने मध्ये हात घातला तर तिच्याही हातावर. घोटभरची पाठ मी एकदा पाहिली आहे, आमच्याकडे गच्चीची टाकी साफ करताना त्याने शर्ट काढला होता तेव्हा. मी पाण्याची बादली घेऊन वर गेले आणि तशीच खाली आले.

सोळाव्या वर्षी त्याने अंगावर येणारा तो पाइप वरच्यावर धरला. वडिलांच्या हातातून हिसकावला आणि त्यांच्याच मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला तरी तो थांबला नाही. दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं. आई पायाला मिठी मारून बसली तेव्हा थांबला. वडिलांनी पुन्हा कधी पिंप उचललं नाही. उजव्या हाताने घासही उचलला नाही. पुढची अकरा वर्षं घोटभर त्यांना भरवत होता, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

हात खिशात घालून चालायची सवय तेव्हापासूनची. बसस्टँडवर गाइड लोकांत पाहुण्यांवरून मारामाऱ्या होतात. एकदा तिघांनी मिळून याला तिकीटखिडकीमागे धरलं. बूट घातलेल्या पायांनी बरगड्यांत लाथा घातल्या, तोंड भिंतीवर आपटलं, दोन दात पडले. याने खिशातून हात काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोळक्या तोंडाने आमच्याकडे पाहुणे घ्यायला आला.

"अहो, निदान तोंड तरी झाकायचं," मी म्हटलं.

"हात खिशात असले की फार तर आपण मार खातो, वहिनी. बाहेर आले की हिशेब राहत नाही."

परवा माझ्याकडे तिघं उतरले. बाप, आई आणि सात वर्षांची मुलगी. बाप मोठ्याने हसणारा, पाठीत थाप मारणारा. आई बॅग छातीशी धरून बसायची, खुर्चीच्या अगदी कडेला. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मुलगी मात्र बडबडी. काल सकाळी नाश्त्याला तिने मत्स्यालयाचा कागद उलगडून टेबलावर पसरला आणि वाचून दाखवलं, मोठ्या कासवांना रोज तीन वाजता खायला घालतात, मुलांना स्वतःच्या हाताने पानं देता येतात.

"आपण तिथे किती वाजता जाणार, काका?"

"पाच वाजता, बाळा," घोटभर म्हणाला.

तिचा चेहरा असा उतरला की माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "करा की थोडं मागेपुढे. एक दिवस उलटं फिरलात तर काय बिघडतंय?"

त्याने वाकून कागदावरची वेळ वाचली. मग म्हणाला, "बरं. उलटं फिरू."

हे मी सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही.

संध्याकाळी आई आणि मुलगी दोघीच परत आल्या. मुलीचा कान जांभळा, सुजून दुप्पट झालेला. मी बर्फ दिला. आई म्हणाली, "पडली." आणि दाराला आतून कडी घातली. बाकीचं आज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात घोटभरने सांगितलं, ओठांचा एकच कोपरा हलवत. चहा त्याने बशीतून, टेबलावर वाकून प्यायला. बशी मी धरली होती.

ते एक वाजता काळ्या बिअरच्या ब्रुअरीत पोचले. पाव पुढे केला तर बापाने हाताने सारला. आपला ग्लास संपवला, बायकोसाठी ओतलेला संपवला, मालकाच्या पाठीवर थाप मारून टाकीतून थेट आणखी दोन घेतले. "झालं साहेब, घोटभर," हा म्हणाला. "तू मोजणारा कोण रे?" तो हसत म्हणाला. हसतच होता तोपर्यंत.

अडीच वाजता मुलगी झोपाळ्यावरून धावत आली. "बाबा, चला ना, कासवं जेवतील!" तिने बाही ओढली. ग्लास त्याच्या शर्टावर सांडला.

त्याने उलट्या हाताने तिच्या कानशिलात मारली. ती बाकाच्या कडेवर आपटली. केसांना धरून त्याने तिला उभी केली आणि पुन्हा मारली, त्याच कानावर. आई बॅग छातीशी धरून उभी होती. "ओरडली नाही हो वहिनी. पुढे काय होणार ते पाठ असलेलं माणूस जसं उभं राहतं, तशी उभी होती. माझी आई तशीच राहायची."

घोटभर मध्ये जाऊन उभा राहिला, हात खिशात. बापाने ग्लास टेबलाच्या कडेवर फोडला आणि उरलेला तुकडा याच्या गालात घुसवून खाली ओढला. "दात दिसत होते म्हणे आतून, गालातून. मला काही कळलं नाही. फक्त गरम वाटलं." तरीही हात खिशात होते.

मग तो माणूस काच हातात तशीच धरून मुलीकडे वळला. म्हणाला, "ये इकडे."

हात बाहेर आले.

पहिल्याच ठोशाने त्याचा जबडा गेला. काच हातातून पडली, तो पडला, आणि हा त्याच्या छातीवर बसला. डावा, उजवा, डावा. नाक चेपलं, भुवई फाटली, तो हात जोडू लागला तर हा जोडलेल्या हातांवर मारत राहिला. मालकाने आणि दोघा कामगारांनी ओढलं तरी सुटेना. शेवटी कुणीतरी टाक्या धुवायचा पाइप याच्यावर सोडला. गार पाण्याचा झोत छातीवर बसला तेव्हा याचे हात थांबले.

"शुद्धीवर आलो तर पहिला दिसला तो पाइप," तो म्हणाला. ह्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ह्यांनीच मग विचारलं, "पोलीस ठाण्यात काय सांगितलंत?"

"झालं ते."

"सगळं?"

"पहिला ठोसा पोरीसाठी होता, असं सांगितलं. पुढचे नव्हते, तेही सांगितलं."

"अहो, पण कशाला!" हे उठून उभेच राहिले. "त्याने काच घातली तुमच्या तोंडात! स्वतःला वाचवायला मारलं म्हणायचं की!"

"तो पडल्यावर मी कुणापासून वाचत होतो, भाऊ?"

हे परत खुर्चीवर बसले. बिल्ला ठाण्यात जमा झाला होता. पाहुण्यावर हात उचलणाऱ्या गाइडला तो आयुष्यात परत मिळत नाही. अकरा वाजता पुन्हा हजर व्हायचं होतं. तिथून आज घरी सोडतील की आत ठेवतील, ते इस्पितळात पडलेला मुलीचा बाप काय सांगतो त्यावर, आणि वर कडी लावून बसलेली बाई काय सांगते त्यावर.

मी पदर खोचला. "मी जाते वर. तिला सांगते, खाली ये आणि ठाण्यात खरं काय ते बोल. एवढं तिने करायलाच हवं."

"नको."

"नको काय? त्यासाठीच आलात ना तुम्ही?"

"नाही. तिला त्याच घरात परत जायचं आहे. बोलायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं. पाव्हणीला माझ्यासाठी कोपऱ्यात गाठू नका."

"मग आलात कशाला, इतक्या सकाळी, असं तोंड घेऊन?"

त्याने उजवा हात खिशातून काढला. नऊ वर्षांत मी तो हात नीट कधी पाहिला नव्हता. बोटांची पेरं फुटून काळी झाली होती आणि बोटं सरळ होत नव्हती. त्यांच्या बेचक्यात मत्स्यालयाची तीन तिकिटं होती, भिजून पुन्हा वाळलेली, एका टोकाला तपकिरी डाग. त्याने ती टेबलावर ठेवली, बशीपासून लांब, आणि हात परत खिशात घातला.

"आजही चालतात ही, मी तिथल्या पहारेकऱ्याला विचारून आलोय," तो म्हणाला. "आई नाही आली तरी तुम्ही जा. तीन वाजता असतं. पोरीला कासवं दाखवा."