डायनाचं साल

व्हर्नेटाने लेकीला, नाओमीला, घरीच शिकवायला घेतलं. गणित सुरळीत चाललं, गाडी अडली ती अमेरिकेच्या इतिहासापाशी. पहिल्या पुस्तकात गुलामांना चक्क ‘मजूर’ म्हटलं होतं. ते तिने पुस्तक देणाऱ्या दुकानातल्या बाईच्याच पुढ्यात आपटलं. दुसरं खरं बोलत होतं, पण ते वाचून पोर जेवेना.

“अगं, पुस्तक शोधतेस की जावई?” नवरा कर्टिस म्हणाला.

“जावई परवडला. त्याचा खोटेपणा तोंडावर तरी दिसेल.”

तिसऱ्यात सगळे होते: मूळचे रहिवासी, चिनी मजूर, काळे, गोरे. सोबत कापून चिकटवायची चित्रंही होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सालांची लांब कागदी पट्टी लावून मायलेकी एकेकाला त्याच्या सालावर चिकटवू लागल्या. व्हर्नेटाला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग नाओमीने स्वतः काढलेलं चित्र आणलं. “ही आपली खापरपणजी, डायना. जॉर्जियातच कापूस वेचायची ना? हिला कुठे लावू?”

व्हर्नेटाने पट्टीवरच्या सालांवरून बोट फिरवलं. डायनाचं नाव घरात तोंडातोंडी आलं होतं, साल आलं नव्हतं. गुलामांचे जन्म कोण लिहून ठेवतो?

“सांग ना आई,” नाओमी म्हणाली, “डिंक वाळतोय.”