विद्याचं गार पाणी

विद्याच्या मुलीचा, मीराचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला ड्राइव्ह करत होते. "मावशी, आई गेली… झोपेतच," एवढंच ती बोलली. मी गाडी कडेला घेतली. त्याला आता काही आठवडे झाले, पण विद्याबद्दल लिहिताना अजून आधी 'आहे' लिहिते, मग खोडून 'होती' करते.

विद्या नागपूरची, मी पुण्याची. अमेरिकेत एकाच कंपनीत लागलो आणि बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत शेजारणी झालो. पुढे तिच्या नवऱ्याने, श्रीधरने, गावाबाहेर तळं असलेलं घर घेतलं आणि हौसेने ट्राउट मासे पाळले. विद्या पक्की शाकाहारी. तळ्याकडे फिरकायचीसुद्धा नाही. श्रीधर हार्ट अटॅकने अचानक गेला आणि ते मासे तिच्या पदरात पडले. देऊन टाक, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. ट्राउटला गार पाणी लागतं, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, हे ती हळूहळू शिकली. पाण्यात हवा सोडणारा पंप भर उन्हात चालवला तर वरचं तापलेलं पाणी तळाशी जातं, म्हणून कडक उन्हाळ्यात दुपारी तो बंद ठेवायची, ऊन उतरलं की लावायची. शिवाय विहिरीच्या गार पाण्याची धार तळ्यात सोडलेली असायचीच.

एका ऑगस्टमध्ये भयंकर उकाड्यात वादळ झालं आणि वीज गेली. हवेचा पंप बंद, विहिरीची धारही बंद. मी पोचले तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि विद्या कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बादलीने पाणी उंचावरून ओतत होती, तेवढीच हवा मिसळावी म्हणून. मीही उतरले. शेजाऱ्याने जनरेटर आणेपर्यंत आम्ही ओततच होतो… तरी निम्मे मासे गेले. झाडाखाली खड्डा खणून तिने ते पुरले. श्रीधरच्या अंत्यविधीला डोळ्यांतून टिपूस न काढलेली विद्या त्या दिवशी मातीत बसून रडली. मग म्हणाली, "श्रीधरच्या वेळी मला काहीच करता आलं नाही गं. आज निम्मे तरी वाचले."

विद्या गेल्यावर घर विकायचं मीराने जवळजवळ ठरवलंच होतं. ती इथेच जन्मलेली, नोकरी बॉस्टनला. मासे न्यायला माणूसही ठरला होता. तो यायच्या आदल्या दिवशी तिने ते कॅन्सल केलं. का, ते मी विचारलं नाही. आता ती आईच्या घरातूनच काम करते. रोज सकाळी तळ्यात फॅरनहाइटचा थर्मामीटर सोडते आणि मला फोन करते. "सिक्स्टी टू आहे, मावशी. इज दॅट ओके?"

ट्राउटबद्दल मला जे काही कळतं, ते विद्याकडून कानावर पडलेलं. "ठीक आहे, बाळा," मी म्हणते. त्यानंतरही आम्ही दोघी फोन ठेवत नाही… आणि तिच्यामागे पाण्याचा आवाज येत राहतो.