कोठार रिकामं झालं त्या शनिवारी

हडपसरच्या कंपनीत असताना मी आणि एक मित्र मिळून ऑनलाइन गेमचा सर्व्हर चालवायचो. साठेक लोक, बरेचसे पुण्यातलेच ओळखीपाळखीचे, त्यात घरं, शेतं, रस्ते बांधायचे. सर्व्हर परदेशातला, भाड्यानं घेतलेला. नियम माझे, याद्या माझ्या आणि खेळात शिरताच दिसणारा फलकही माझाच.

एका शनिवारी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान गावाचं सामायिक कोठार रिकामं झालं. रात्री मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. त्या तासात एकच खेळाडू आत दिसला, खडकीच्या कारखान्यात काम करणारा, माझ्याच वयाचा गृहस्थ. त्याच्यावर बंदी घातली आणि फलकावर लिहिलं, "कोठार सार्वजनिक आहे, वडिलोपार्जित नाही." खाली त्याचं खेळातलं नाव. लोक दोन दिवस हसले. मलाही मजकूर आवडला होता.

त्यानं कळवलं की त्या वेळी तो ड्यूटीवर होता. मी उत्तर दिलं, "हजेरीचा दाखला आणा."

आठवड्यानं तो खरंच आला. दोन बस बदलून, आमच्या कंपनीच्या गेटवर. प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घातलेला कागद, त्यावर सुपरवायझरची सही आणि शिक्का. साहेबांना काय कारण सांगितलं, असं मी विचारलं. खरं तेच, म्हणाला.

त्याला थांबवून मी वर गेलो, नोंदी पुन्हा काढल्या. सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होतं. तो खेळला होता संध्याकाळी, सुटल्यावर. आपल्या बारा वाजता आत होता माझा मित्र. फोन करून विचारलं, तर सामान त्यानंच नव्या कोठारात हलवलं होतं आणि सांगायचं विसरला होता.

खाली येऊन म्हणालो, बंदी उठवतो. चूक कुणाची, ते बोललो नाही.

"बंदीचं राहू द्या हो," तो म्हणाला. "आमच्या खात्यातले चौघं तुमच्याकडे खेळतात. मला आता कोठारवाले म्हणतात. जिथं लिहिलंत, तिथंच लिहा."

मी मान डोलावली. पहिला मसुदा सरळ होता: चूक माझी, घड्याळ तपासलं नाही. मग वाटलं, उद्या लोक प्रत्येक नियमावर वाद घालतील. खोडलं. फलकावर गेलं ते एवढंच, "तांत्रिक कारणास्तव झालेली एक बंदी उठवण्यात आली आहे." कुणाची, तेही लिहिलं नाही.

तो पुन्हा खेळायला आला नाही. सहा महिने मालक न फिरकलेली घरं पाडायची, असा नियम होता. त्याचं घर मी यादीतून दोनदा वगळलं. तिसऱ्यांदा पाडलं आणि यादीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.